साती आसरांचा नारळ

आज सकाळी गल्लीच्या तोंडाशी "करवंदं घ्या गो, करवंदं" अशी हाक आली आणि मी निवडायला घेतलेल्या तांदळांचं सूप उचलून माजघरात गेले. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गेली तीन वर्षं करवंदांच्या दिवसांत आमच्या घरात हे असंच चालतं. डोंगराखालच्या वाडीतली बाई टोपली घेऊन येते, मी आत जाते, सासूबाई दोन द्रोण करवंदं घेतात, धुतात, मीठ भुरभुरवून ताटलीत ठेवतात, आणि स्वतः एकही तोंडात टाकत नाहीत.

मला करवंदं आवडत होती. पनवेलला लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा खाल्ली ती. मुंबईत आमच्याकडे फळ म्हणजे फळवाल्याकडून कागदी पिशवीत यायचं. इथे ते पळसाच्या द्रोणात येत होतं, कोमट, धुळकट, देठाशी पांढरा चीक घेऊन. ओठ एकमेकांना चिकटायचे. कोंबडा की कोंबडी, असं विचारत माधव करवंद दातांनी अर्धं तोडायचे आणि आतला रंग दाखवायचे. लाल निघालं तर कोंबडा. (घरात मी त्यांना नावाने हाक मारत नाही. लिहिताना सोपं पडतं म्हणून इथे माधव म्हणते.) त्या दिवसांत दुपार झाली की मागच्या आळीतून चाकांवर धाव चढवल्याचा आवाज यायचा. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव शेणींच्या जाळात लाल करून लाकडावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र असा मोठा आवाज, मग वाफेचा आणि जळक्या लाकडाचा वास. खाडीकडून वारा आला तर त्यात मिठागरांचा वास मिसळायचा. आता लॉऱ्या वाढल्या, चाकं कमी झाली, रेल्वे येणार म्हणून माणसं साखळ्या घेऊन शेतं मोजत फिरतात. पण अजून कधी दुपारी ती चर्र ऐकू आली की माझ्या ओठांवर चीक बसल्यासारखा वाटतो आणि पाठोपाठ ते दुसरं सगळं येतं.

आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर डोंगर. एका अंगाला प्रबळगड, त्याच्यामागे माथेरानची लांब सपाट पाठ. सासूबाई रोज सकाळी चूल पेटवण्याआधी दारात उभ्या राहून तिकडे हात जोडायच्या. मला वाटायचं, सूर्याला जोडतात. शाळेत आम्ही सकाळी हात जुळवून, डोळे मिटून इंग्रजीत प्रार्थना म्हणत होतो. कुणाला, हे मीही कधी विचारलं नव्हतं. त्यामुळे इथेही विचारलं नाही. नव्या घरात मी फार थोडं विचारत असे. माझ्या मराठीला लोक हसतील ही भीती. शेजारच्या यमूकाकू तर समोरच म्हणत, "सूनबाई छान आहे हो, पण बोलते म्हणजे पुस्तकातलं वाचून दाखवते."

सासूबाई हसत नसत. फक्त एकदा, मी कपडे मोजताना पुटपुटत होते ते ऐकून म्हणाल्या, "इंग्रजीत मोजलेस तरी चालतील, पण पंधराच भरू देत. धोब्याला मराठीत दिलेत."

वैशाखात माधवांच्या शाळेला सुट्टी लागली आणि त्यांनी जेवताना, ताटाकडे बघत, जाहीर केलं की आम्ही दोघं चार दिवस माथेरानला जाणार. दोघंच. माझा घास हातातच राहिला. आनंद झाला होता, पण आधी कानच तापले. आमच्या आळीत लग्न झालेलं जोडपं जेजुरीला जाई, गाणगापूरला जाई, आणि बरोबर किमान एक आत्या असे. नुसतं हिंडायला, डोंगरावरचं तळं बघायला, नवराबायको दोघंच गेलेले कुणाला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी यमूकाकू ताक मागायला आल्या आणि भांडं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"दोघंच? मग तिकडे सैपाक कोण करणार?"

"हॉटेल आहे, काकू," माधव म्हणाले.

"आणि दिवसभर करणार काय?"

"फिरणार."

"फिरून झाल्यावर?"

सासूबाईंनी ताक वाढलं आणि म्हणाल्या, "यमू, तुझ्या पाचही मुलांच्या वेळी तुला कुणी काही विचारलं का?" यमूकाकू पदर तोंडाला लावून हसत गेल्या. मी मात्र चुलीकडे तोंड करून बसले. सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या होत्या, हे मला कळायला हवं होतं. मला तेवढंच कळलं की माझ्याबद्दल असं बोललं गेलं.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. ट्रंकेच्या तळातून एक खण काढला. पिकल्या करवंदाच्या रंगाचा, हिरव्या काठाचा, कोरा. घडी उलगडली तेव्हा दिसलं, वीस-बावीस वर्षं तसाच पडून राहिल्याने घडीच्या रेघांवर त्याचा रंग उडाला होता आणि मधोमध फिक्या रंगाची एक फुली उमटली होती. त्यांच्या सौभाग्यातली ही शेवटची ओटी. त्यानंतर महिन्याभरात सासरे गेले. खण शिवायचा राहिला, आणि मग शिवण्यासारखा उरला नाही.

"माधव सहा वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, आता बघू. तेव्हा दारात करवंदंवाली आली होती, म्हातारी. ती म्हणाली, बाय, वरच्या तलावातल्या साती आसरांना बोल काहीतरी. पाण्यातल्या देवता त्या. मी काय बोलणार? ओटी भरायचा माझा हात राहिला नव्हता. मी म्हटलं, हा वाचला तर याची बायको येऊन तुमची ओटी भरेल. आणि तोवर मी करवंद खाणार नाही."

मला एकदम आठवलं, करवंदं धुताना त्या बोटांना लागलेला रससुद्धा पुसून टाकत.

"एकवीस वर्षं?" मी विचारलं.

"त्यात काय. करवंदं काही रोज येत नाहीत." मग त्यांनी खणात तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या आणि कुंकवाची पुडी बांधली, वर नारळ ठेवला आणि सगळं एका धुतल्या रुमालात गाठ मारून माझ्या हातात दिलं. "पाण्याला कुंकू वाहा. खण तांदूळ काठावर ठेव, नारळ पाण्यात सोड. माधवला जवळ उभा कर. एवढंच. दुसरं मी तुला काही सांगणार नाही."

त्यांनी खरोखरच त्यानंतर मला कधी काही सांगितलेलं नाही.

माथेरानचं काय लिहू? लाल माती. नव्या चपलांवर, साडीच्या काठावर, दाढी केलेल्या माधवांच्या गालांवर लाल माती. झाडांच्या सावल्या, घोड्यांच्या लिदीचा वास, माकडं. आणि जोडपी. जिकडे पाहावं तिकडे जोडपी, एकमेकांचा हात धरून चालणारी. पहिले दोन दिवस आम्ही मधे हातभर अंतर ठेवून चाललो. तिसऱ्या दिवशी सकाळी एका चढावर माधवांनी माझं मनगट धरलं आणि चढ संपल्यावर सोडलं नाही. आम्ही तसेच शार्लट तलावाकडे उतरत होतो, माझ्या दुसऱ्या हातात ते रुमालाचं बोचकं. मला आठवतं, त्या वाटेवर मी खरंच ठरवलं होतं की ओटी नीट भरायची. या माणसाचा ताप उतरला होता म्हणून हे मनगट धरलेलं होतं. इतकं साधं होतं ते.

तलावाच्या काठावर पाचसहा जोडपी बसली होती. माधव सोडा-लेमनच्या बाटल्या आणायला बांधापलीकडच्या टपरीवर गेले. तेवढ्यात मागून इंग्रजीत हाक आली, "सुमी! तू? आणि साडीला ही केवढी पिन!" रोशन होती. शाळेत आठ वर्षं माझ्या बाकावर बसलेली. तिचंही नुकतंच लग्न झालेलं. पांढरी पँट घातलेला तिचा नवरा, थर्मास, चटई, हॅट. ती मला मिठी मारून एका दमात बोलत सुटली, आणि मी चार महिन्यांनी पहिल्यांदा न अडखळता बोलले. इंग्रजीत. मला माझाच आवाज ऐकून बरं वाटत होतं.

"हे काय आणलंयस?" तिने बोचक्याला हात लावला.

रोशनचा यात काही दोष नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. ती अग्यारीत जाणारी मुलगी. मी खरं सांगितलं असतं तर ती चटईवरून उठून माझ्याबरोबर पाण्यापर्यंत आली असती, कदाचित डोक्याला रुमालही बांधला असता. पण मी तिला हसायची संधीही दिली नाही, तिच्या आधी स्वतःच लाजले. या सगळ्या हॅटांसमोर पाण्याला कुंकू वाहणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं. "खाऊ."

"बघू!" म्हणत तिने गाठ सैल केली आणि वरचा नारळ उचलला. "अय्या, नारळ! आम्ही नुसतं सँडविच खातोय."

तिच्या नवऱ्याने तो घेतला, काठावरच्या दगडावर आपटला, पाणी थर्मासच्या झाकणात धरलं आणि आधी मला दिलं. मी प्यायले. नारळाचं पाणी गोड होतं. आम्ही तिघं खोबरं खात होतो तेव्हा माधव दोन बाटल्या सांभाळत आले. मी ओळख करून दिली. रोशनने त्यांच्यापुढे खोबऱ्याचा तुकडा धरला. त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या, उजवा हात धोतराला पुसला, तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि मग तोंडात टाकला.

त्यांना वाटलं होतं, मी ओटी भरली. नारळ पाण्यात न सोडता फोडून प्रसाद वाटते आहे. रोशनचा नवरा त्यांच्याकडे कुतूहलाने बघत होता. मी पाण्याकडे तोंड केलं.

"आईचं झालं का?" थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं. "मी यायला हवं होतं. टपरीवर गर्दी होती."

"झालं," मी म्हटलं.

काठावर एक पाटी होती, पिण्याचं पाणी आहे, यात काही टाकू नये. पाटी इंग्रजीत होती. पुढचं वर्षभर मी त्या पाटीला धरून राहिले. सासूबाईंना ती वाचता आली नसती, मला आली. नारळ सोडला असता तरी तो गुन्हाच झाला असता. शिकलेल्या माणसाने असं करायचं नसतं. सगळं खरं होतं. पण ती पाटी मी नारळ खाल्ल्यानंतर वाचली होती.

परतताना माधव पुढे रोशनच्या नवऱ्याशी बोलत चालले होते. हातातलं बोचकं आता हलकं होतं आणि जास्तच जड वाटत होतं. वाटेच्या कडेला एक ठाकर बाई करवंदांची टोपली खाली ठेवून विसावली होती, माझ्याच वयाची. मी खण तिच्या मांडीवर ठेवला, आतल्या तांदूळ-बांगड्यांसकट.

तिने गाठ चाचपली. "बाय, ह्यो ओटीचा हाय ना?"

"राहू दे तुला."

"मंग कुंकू तरी लाव. असा नाय घेत."

तिने कपाळ वर केलं होतं. पुडी आत खणातच होती. तिने ती काढायच्या आत मी चालू लागले. मागून तिने दोनदा हाक मारली, "ओ बाय, ओ बाय." माधवांनी वळून विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, करवंदं विकते आहे.

घरी आलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या. पायावर पाणी घालायच्या आधी त्यांनी विचारलं, "भरलीस?"

मी मान हलवली. तोंडाने हो म्हणाले नाही, एवढंच. बरेच दिवस मला त्याचाही आधार वाटत होता.

त्या आत गेल्या. मागच्या दारात उभं राहून डोंगराला हात जोडले. मग ताटलीतलं एक करवंद उचललं, त्याचा देठ तोडला, चीक पुसला आणि जिभेवर ठेवून डोळे मिटले. चावलं नाही लगेच. माझ्या सासूबाईंचा तसा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. "आंबट आहे," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "मला वाटत होतं गोड असतील. विसरले होते." आणि दुसरं घेतलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी किती करवंदं खाल्ली! यमूकाकूंना बोलावून खाल्ली. लोणचं घातलं. त्यांचे ओठ काळे दिसायचे, लहान मुलीसारखे, आणि त्या मला म्हणायच्या, "तुझ्यामुळे हो." मी प्रत्येक वेळी काहीतरी कामाला उठायचे.

पुढच्या वैशाखात ती बाई आली. आमच्या दारात टोपली उतरवून वाकली, आणि तिच्या पाठीवर मला ती फुली दिसली. पिकल्या करवंदाच्या रंगाची चोळी, हिरवा काठ, आणि खांद्यांच्या मधोमध उडालेल्या रंगाच्या दोन रेघा. मी माजघराच्या दाराआड झाले. सासूबाईंच्या हातात द्रोण होता, एक करवंद बोटांत होतं.

"चोळी छान आहे गं," त्या म्हणाल्या. "खण कुठे घेतलास?"

"घेतला नाय, आये. वर तलावाच्या वाटंला एका बायनं दिला. गेल्या साली. बांगड्या व्हत्या आत, तांदूल व्हतं. कुंकू नाय लावलं तिनं, तशीच पलाली. मी म्हटलं, येडी का काय!"

"कशी होती?"

"शहरातली. पायात चांगल्या चपला. घाबरली व्हती पन."

सासूबाईंनी बोटांतलं करवंद परत द्रोणात ठेवलं. "तुझं नाव काय?"

"हिरी."

"हिरे, खण चांगला आहे. जपून वापर." त्यांनी करवंदं घेतली, ती गेली. मी दाराआड उभी होते आणि त्यांना ते माहीत होतं. त्या आत आल्या, माझ्या अंगावरून चुलीपाशी गेल्या, करवंदं धुतली, बोटांचा रस पदराला पुसला. मीठ लावून ताटली माझ्यापुढे ठेवली. "खा," म्हणाल्या. रागाचा एक शब्द नाही. यमूकाकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, आज तुम्ही नाही का घेत? "दात आंबतात आताशा," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांनी करवंद खाल्लेलं नाही. आणि मी गेलेही नाही. त्या वर्षी मला दिवस गेले होते. पुढच्या वर्षी नंदू अंगावर पीत होती. पावसात माथेरान बंद, हिवाळ्यात माधवांची शाळा. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. खरं कारण एकच होतं: जायचं तर आधी सांगावं लागणार, की मी ओटी भरली नव्हती. त्यांना ते माहीत होतं, मला त्यांचं माहीत असणं माहीत होतं, आणि तरीही तेवढं एक वाक्य माझ्या दोन्ही भाषांपैकी एकीतही तोंडातून निघत नव्हतं. लोक मला भिडस्त म्हणतात. चांगल्या घरच्या मुलीला शोभणारा शब्द आहे. मी तो कितीतरी गोष्टींवर पांघरला आहे.

आज सकाळीही मी आत गेले होते. सूप मांडीवर घेतलं. बाहेर हिरीचा आवाज येत होता. गुडघ्यांचं विचारत होती, सासूबाई म्हणत होत्या, आता मागच्या दारापर्यंत जाते तेवढं पुष्कळ. मग नंदूचा आवाज आला. तिला करवंद हवं होतं, आणि तिने एक आजीच्या तोंडापुढे धरलं होतं. "आजी, तू."

"मला नको गं सोन्या."

"का?"

सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नंदू पुन्हा म्हणाली, "का?" ती तीन वर्षांचीही नाही, थांबत नाही. आणि मला कळलं, या प्रश्नाला आता घरात कुणीतरी खोटं उत्तर देणार. दात आंबतात म्हणून. ते नंदू शिकणार.

मी सूप ठेवून बाहेर आले. हिरीने माझ्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, मग पुन्हा तोंडाकडे.

"आई," मी म्हटलं, "मी ओटी भरली नाही. पाण्यापर्यंत गेलेच नाही."

"ठाऊक आहे."

"नारळ आम्ही खाल्ला. मी, माझी मैत्रीण, तिचा नवरा."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा हात नंदूच्या डोक्यावर थांबला. आत माधव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. त्यांच्या टाकाची कुरकुर थांबली.

"माधवने?"

"त्यांनीही. प्रसाद म्हणून. कपाळाला लावून खाल्ला."

सासूबाई डोंगराच्या दिशेने बघत राहिल्या, मधे भिंत होती तरी. "मग त्याचा तरी नारळ पोचला," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला मारलं असतं तर मी उभी राहू शकले असते. मी खाली बसले. हिरीने टोपली बाजूला सरकवली आणि कपाळ पुढे केलं, चार वर्षांपूर्वी केलं होतं तसंच. "लाव आता," ती म्हणाली, "किती दिस ऱ्हायलंय." मी कुंकवाचा करंडा आणून तिला कुंकू लावलं. थोडं भुवईवर सांडलं.

उद्या उजाडताना मी ओटी भरायला हिरीबरोबर निघते. तिच्या वाडीवरून सरळ वर जाणारी पायवाट आहे. पाण्यात काही टाकायचं नाही तर काठावर ठेवायचं, हे हिरीला पाटी न वाचता ठाऊक होतं. माधव नंदूला सांभाळतील. ते दुपारभर माझ्याशी बोललेले नाहीत. जेवताना एकदाच म्हणाले, "मी टपरीवरून लवकर यायला हवं होतं," आणि त्याने मला जास्त लाज वाटली.

सासूबाई संध्याकाळी विचारत होत्या, "तळं कसं आहे गं? पाणी निळं की हिरवं?" मी आठवून पाहिलं. रोशनची हॅट आठवली, थर्मासचं लाल झाकण आठवलं, पाटीवरची अक्षरं आठवली. पाणी आठवलं नाही. "बघून येते," मी म्हटलं.

त्यांनी सकाळच्या करवंदांतली मूठभर निवडून वेगळी काढली. मीठ लावलं नाही, मीठ लावलं की पाणी सुटतं. द्रोणात ठेवून वर वाटी झाकली आणि द्रोण मागच्या दाराशी, सावलीत ठेवला.

"दोन दिवस राहतात," त्या म्हणाल्या.